फेटा, रील आणि टाइम कार्ड: एका रॅली ड्रायव्हरच्या प्रायोजकत्वाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाळूज एमआयडीसीत ब्रेक लायनर (ड्रम ब्रेकच्या आत घासणारी पट्टी) आणि क्लच प्लेट बनवणारी एक कंपनी आहे. नाव देत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावांचा क्रम आणि रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत, बाकी घडलं तसंच लिहितोय. कंपनीचा माल गाड्या बनवणाऱ्यांकडे जात नाही. तो सुट्या भागांच्या दुकानांत जातो आणि तिथून गॅरेजांत: छोटा हत्ती, पिकअप, काळी-पिवळी जीप, उसाचे ट्रॅक्टर. पैसे गाडीवाला देतो, पण कोणत्या कंपनीचा डबा फोडायचा हे मिस्त्री ठरवतो. म्हणून या धंद्यातली सगळी जाहिरात शेवटी मिस्त्र्याच्या दारात जाऊन थांबते. डब्यातलं कूपन, दिवाळीचं घड्याळ, वर्षातून एकदा मेळावा आणि जेवण, एवढ्यावर ती चालते.

मी छत्रपती संभाजीनगरात छोटी जाहिरात एजन्सी चालवतो. या कंपनीचं काम सात वर्षं माझ्याकडे होतं. मोठे शेठ सगळे हिशेब डायरीत लिहिणारे. धाकटे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, पुण्यात शिकून आलेले आणि मोटरस्पोर्टचे वेडे. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा ते शाळेत होते. २०११ ते २०१३ अशा तीन भारतीय ग्रां प्री ग्रेटर नोएडात झाल्या, तेव्हा पहिल्याचं तिकीट काढून ते गेले होते. आपल्या मराठवाड्यात रेसचा ट्रॅक नाही. ट्रॅक म्हटला की कोइम्बतूरचा कारी, नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा. महाराष्ट्रात रॅली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नाशिक येतं. त्यामुळे ‘रॅलीचा ड्रायव्हर जालन्यात येतोय’ ही बातमी ठरणार होती, हा दादांचा अंदाज चुकीचा नव्हता.

निवडलेला ड्रायव्हर पश्चिम महाराष्ट्रातला. राष्ट्रीय पातळीवरच्या रॅलीत नाव कमावलेला, पण घराघरांत पोचला तो टीव्हीवरच्या एका शोमुळे. त्याला इथे ‘साहेब’ म्हणतो, मेळाव्यात सगळे तसंच म्हणत. एका हंगामाचे ३२ लाख अधिक जीएसटी ठरले. त्यात गाडीच्या मागच्या दारावर आणि हेल्मेटच्या काचेवरच्या पट्टीवर नाव, सोशल मीडियावर बारा पोस्ट, आणि मराठवाड्यात सहा मिस्त्री मेळावे. साठ टक्के रक्कम सहीच्या दिवशी द्यायची होती.

सहीच्या वेळी काय ठरलं आणि काय राहून गेलं

करार साहेबांच्या मॅनेजरने पाठवला. अकरा पानं. दादांनी पहिलं आणि शेवटचं वाचलं, मी मधली चाळली. मी एजन्सीवाला, वकील नाही, ही माझी तेव्हाची सबब. मेळाव्यांबद्दल ‘सहा दिवस उपस्थिती’ एवढंच लिहिलेलं होतं. किती वाजता यायचं, किती तास थांबायचं, याचा उल्लेख नव्हता. वागणुकीबद्दल एकही कलम नव्हतं. करार मोडायचा तर साठ दिवसांची नोटीस, आणि दिलेले पैसे परत नाहीत. ‘स्पर्धक कंपनी’ची व्याख्या ‘ब्रेक लायनर उत्पादक’ अशी होती. साहेबांच्या इंजिन ऑइलच्या प्रायोजकाने पुढे दोन महिन्यांत ब्रेक ऑइल बाजारात आणलं, आणि तो आमचा स्पर्धक की नाही यावर पंधरा दिवस मेल फिरत राहिले.

दुसरा पर्याय समोर होता. तेवढ्याच पैशात एक पूर्ण टीम घेता आली असती: दोन तरुण ड्रायव्हर, एक सर्व्हिस व्हॅन आणि चार मेकॅनिक. मी तो सुचवलाही होता, पण दोन ओळींत, आणि लगेच साहेबांच्या फॉलोअरांचा आकडा दाखवला. दादांचा चेहरा बघून मी मत बदललं. पुढे जे झालं त्यातला माझा वाटा तिथून सुरू होतो.

जालना: फेट्याचा दिवस

पहिला मेळावा जालन्यात, मे महिन्यात, अकरा वाजता. मंगल कार्यालय मोंढ्याजवळचं. तीनशेच्या आसपास मिस्त्री आले होते, काही अंबड-घनसावंगीहून. त्यांतल्या बहुतेकांनी त्या दिवशी गॅरेज बंद ठेवलं होतं. साडेअकराला मॅनेजरचा मेसेज आला, ‘ऑन द वे’. साडेबाराला पुन्हा तोच. आचाऱ्याने मठ्ठ्याच्या पिंपातला बर्फ दोनदा बदलला. तिसऱ्यांदा बर्फ मिळेना, म्हणून त्याने पिंपाभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. एक वाजता आम्ही पंगत बसवली, कारण पोट भरलं की माणूस थांबतो. जेवून अर्धे उठले आणि चपला शोधू लागले.

साहेब एक पन्नासला आले. वीस मिनिटं गाडीतच बसून फोनवर बोलत राहिले, एसी चालू ठेवून. मंचावर आल्यावर वितरकाचे वडील फेटा घेऊन पुढे झाले. वय बहात्तर. फेटा बांधायला त्यांनी खास माणूस बोलावला होता. साहेबांनी हात आडवा धरला. “मी डोक्यावर काही घालत नाही.” त्या वेळी त्यांच्या डोक्यावर टोपी होती, दुसऱ्याच एका कंपनीच्या नावाची. सभागृहात सगळ्यांनी ते पाहिलं. काकांनी फेटा खुर्चीवर ठेवला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो तिथेच राहिला. मागच्या रांगेतून एक मिस्त्री मोठ्याने म्हणाला, “आमचा दिवस बुडाला, अन् ह्यांना फेटा बी जड झाला व्हय?”

साहेब अकरा मिनिटं बोलले. सेल्फी चांगले आले. त्या रात्री वितरकाचा मला फोन आला, ओरडला नाही, एवढंच म्हणाला: “भाऊ, पुढच्या वेळी पोरगं आणा, गाणारा आणा, पण वडिलांना मंचावर बोलावू नका.”

फेट्यामागचं कारण मला तीन आठवड्यांनी कळलं. साहेबांच्या टोपीचा प्रायोजक वेगळा होता, आणि सार्वजनिक ठिकाणी ती टोपी डोक्यावर ठेवण्याची अट त्यांच्या दुसऱ्या करारात होती. मोटरस्पोर्टमध्ये हे जुनंच आहे. १९७६ च्या अपघातानंतर फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा जखमा झाकायला लाल टोपी घालू लागला, आणि पुढे त्या टोपीवरची जागाही पार्मालाट या दुधाच्या कंपनीला विकली गेली. ड्रायव्हरच्या अंगावरचा प्रत्येक वीतभर तुकडा कुणीतरी घेतलेला असतो. आम्ही दार आणि हेल्मेटची पट्टी घेतली होती, डोकं घेतलं नव्हतं. मॅनेजरला हे माहीत होतं आणि मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘फेटा बांधून सत्कार’ असं छापलेलं त्याने पाहिलंही होतं. त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तरी ‘काका, माझ्यावर बंधन आहे, फेटा हातात घेतो’ एवढं बोलायला कोणत्याही कराराची आडकाठी नव्हती.

मुख्य समस्या: समृद्धीवरची रील

त्याच संध्याकाळी खरं संकट आलं. साहेब जालन्याहून समृद्धी महामार्गाने परत निघाले. स्वतःची गाडी, मागच्या काचेवर आमचं स्टिकर. रात्री आठच्या सुमारास एक रील आली. स्पीडोमीटरचा काटा १७८ वर, मग जोरात ब्रेक, मग हसण्याचा आवाज. खाली ‘ब्रेक टेस्ट’ असं लिहिलेलं आणि आमच्या कंपनीला टॅग. समृद्धीवर मोटारींना वेगमर्यादा १२० ची आहे. त्यात मॅनेजरने ही रील आमच्या बारा पोस्टपैकी चौथी म्हणून मोजून तसा मेलही टाकला.

हे बाहेरच्या वाचकाला कदाचित साधं वाटेल. जालन्यात ते साधं नव्हतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ, खासगी बस पेटून २५ माणसं गेली. जालन्यापासून ते ठिकाण तासाभरावरही नाही. आमच्या मेळाव्याला आलेल्यांपैकी कित्येकांच्या गॅरेजमध्ये समृद्धीवर ठोकलेल्या गाड्या येतात. आणि आमचं उत्पादन ब्रेक.

रात्री साडेनऊला स्थानिक पत्रकाराचा फोन आला. त्याच वेळी दादांचा मेसेज आला: व्ह्यूजचा आकडा आणि अंगठ्याचं चित्र. मी मोठ्या शेठना फोन लावला. त्यांनी रील पाहिली नव्हती. मी वर्णन केलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग म्हणाले, “काढा ते. आत्ता.”

कोणते पर्याय होते

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं बसलो: दोघे शेठ, मी, आणि खंडपीठात वकिली करणारे एक वकील. त्यांनी आल्या आल्या विचारलं, “वागणुकीचं कलम कुठे आहे?” नव्हतं. “मग पुढे बोलू.”

करार मोडायचा तर साठ दिवस थांबायचं आणि एकोणीस लाखांवर पाणी सोडायचं. मोठ्या शेठना तेही चाललं असतं. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी होता. करार मोडला की बातमी ‘रील’ची न राहता ‘वाळूजच्या कंपनीने अमक्याला काढलं’ अशी होते आणि दोन महिने चालते. पाच मेळाव्यांचं निमंत्रण गेलेलंच होतं.

गप्प बसणं हा दादांचा पर्याय. रील आपोआप खाली जाईल, लोक विसरतील. इथे वकिलांनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. वेगाचा दंड साहेबांचा, तो फार नसतो. पण पैसे देऊन करून घेतलेली, आमच्या मोजणीतली पोस्ट ही जाहिरात असते. वाहनांच्या जाहिरातींत वाहतुकीचे नियम मोडताना किंवा धोकादायक वेगाने चालवताना दाखवू नये, हे जाहिरात मानक परिषदेचं मार्गदर्शक तत्त्व आहे. ‘आम्ही फक्त टॅग झालो’ असं म्हणायची सोय मॅनेजरच्या त्या मेलने घालवली होती.

तिसरा मार्ग मी मांडला, आणि त्यासाठी अमेरिकेतली दोन उदाहरणं सांगितली, कारण दादांना तीच भाषा पटते. २००२ साली नॅस्कारचा (तिथल्या मोटारशर्यती भरवणारी संस्था) ड्रायव्हर टोनी स्टुअर्ट याने इंडियानापोलिसच्या शर्यतीनंतर एका फोटोग्राफरला ढकललं. नॅस्कारने १०,००० डॉलर दंड केला. त्याचा प्रायोजक होम डेपो याने स्वतःच्या बाजूने ५०,००० डॉलर दंड लावला आणि हंगामभर देखरेखीखाली ठेवलं, पण सोडलं नाही. त्याच वर्षी स्टुअर्टने अजिंक्यपद जिंकलं. दुसरं उदाहरण २०११ चं. काइल बुशने टेक्सासमध्ये, शर्यत पिवळ्या झेंड्याखाली संथ चाललेली असताना, रॉन हॉर्नडेला मुद्दाम भिंतीवर घातलं. तेव्हा त्याचा प्रायोजक मार्स याने हंगामातल्या उरलेल्या दोन शर्यतींसाठी त्याच्या गाडीवरून आपल्या एम अँड एम्स या चॉकलेटचं नाव काढून घेतलं. नातं टिकलं, पण शिक्षा सगळ्यांना दिसली.

मोठ्या शेठनी ऐकून घेतलं आणि डायरीत एक ओळ लिहिली. मग विचारलं, “त्यांनी दंड कापला कुठून? पैसे हातात होते म्हणून ना?” मुद्दा बरोबर होता. आमच्या हातात चाळीस टक्के उरले होते. तेवढीच आमची ताकद.

काय केलं

रात्रीच सगळ्यात आधी रीलचं रेकॉर्डिंग, टॅग दिसणारा स्क्रीनशॉट आणि मॅनेजरचा ‘चौथी पोस्ट’ हा मेल जपून ठेवला. काढायला सांगण्याआधी पुरावा ठेवायचा, ही अक्कल मला आधीच्या एका प्रकरणात किंमत मोजून आली होती. मग टॅग काढला. मॅनेजर फोन उचलेना. साहेबांचा नंबर आमच्याकडे नव्हताच, करारात तो देण्याची सक्ती नव्हती. शेवटी मी त्यांच्या को-ड्रायव्हरला फोन केला. गाडीत शेजारी बसून वळणांच्या नोट्स वाचणारी ही मुलगी, तिचा नंबर जालन्यात सहज घेतलेला. मी कारण सांगितलं. ती म्हणाली, “पाच मिनिटं द्या.” सातव्या मिनिटाला रील गेली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पानावर दोन ओळी टाकल्या: ‘ती रील आमच्या संमतीने आलेली नव्हती. रस्त्यावरची वेगमर्यादा सगळ्यांना लागू आहे, आमच्या गाडीलाही.’ दादा म्हणत होते की यात साहेबांचा अपमान आहे. मी म्हणालो, नाव कुठे आहे? तासभर वाद झाला. शेवटी मोठ्या शेठनी ‘आमच्या ब्रेकचा दर्जा’ वगैरे तिसरी ओळ स्वतः खोडली आणि उरलेलं जाऊ दिलं.

मग पुढच्या एका रॅलीसाठी दारावरचं आणि हेल्मेटवरचं नाव काढायचं ठरलं आणि दुसरा हप्ता थांबवला. हे मेलने कळवायचं की भेटून, यावर मी हट्ट धरला आणि एकटा नाशिकला गेलो. रॅली सुरू असताना, सर्व्हिस पार्कमध्ये.

तिथे मी पहिल्यांदा हे काम जवळून पाहिलं. गाडी आत आली की ठरलेली मिनिटं असतात, तेवढ्यात टायर, तेल, वाकलेला आर्म, सगळं उरकायचं. दाराशी टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवणारं टेबल. ठरलेल्या मिनिटाला तिथे टाइम कार्ड द्यायचं. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंद दंड. आणि लवकर पोचलं तर त्याहून वाईट, मिनिटाला एक मिनिट. गाडी टेबलापासून दहा पावलांवर उभी होती, इंजिन चालू, आणि साहेब स्टिअरिंगवर हात ठेवून को-ड्रायव्हरच्या घड्याळाकडे बघत होते. तिने मान हलवेपर्यंत त्यांनी क्लच सोडला नाही. तीनशे माणसांना तीन तास ताटकळत ठेवणारा हाच माणूस.

रात्री जेवताना बोलणं झालं. सुरुवात वाईट झाली. “तुमच्या दोन ओळींनी माझे दुसरे प्रायोजक फोन करायला लागले,” ते म्हणाले. मी जालन्याच्या काकांचा फेटा काढला. तेव्हा टोपीची अट कळली. उशीर का झाला, तर त्यांना मॅनेजरने ‘एक ते तीनच्या दरम्यान’ असं सांगितलं होतं. माझी चौदा पानांची कार्यक्रमपत्रिका त्यांनी उघडलीही नव्हती. रीलबद्दल मात्र ते बराच वेळ अडून राहिले. रस्ता मोकळा होता, मी रोज याहून वेगात जातो, वगैरे. तेव्हा शेजारी बसलेली को-ड्रायव्हर शांतपणे म्हणाली, “साहेब, त्या रस्त्याच्या नोट्स माझ्याकडे नव्हत्या.” ते हसले नाहीत. पण पुढे वाद घातला नाही.

तिथून दोन गोष्टी निघाल्या. एक, एका पानाचा पुरवणी करार: मेळाव्याची वेळ तासांत, मंजुरीशिवाय आमच्या नावाने पोस्ट नाही, सार्वजनिक रस्त्यावरचा वेग किंवा स्टंट दाखवणारं काहीही नाही, टोपी राहील पण फेटा हातात घेऊन नमस्कार करायचा, आणि प्रत्येक मोडलेल्या अटीमागे उरलेल्या हप्त्यातून ठराविक कपात. रीलची कपात त्यांनी तिथेच मान्य केली. दोन, कार्यक्रमपत्रिका बंद. त्याऐवजी मी को-ड्रायव्हरला चार ओळी पाठवायच्या आणि ती आपल्या हाताने कार्ड लिहून त्यांना देणार. या माणसाला वर्षानुवर्षं एकाच आवाजाकडून तीन-चार शब्दांत सूचना ऐकायची सवय होती. ‘लेफ्ट थ्री, टाइटन्स, डोन्ट कट.’ म्हणजे डावीकडे तीन नंबरचं वळण, पुढे आवळत जातं, आतून कापू नको. आम्ही त्याला निबंध पाठवत होतो, तेही अशा मॅनेजरच्या हातून, ज्याचं काम दार बंद ठेवणं हे होतं.

बीड आणि लातूर

बीडच्या मेळाव्याच्या कार्डावर लिहिलं होतं: ‘११:०० मंच. काका पुढे येतील, फेटा दोन्ही हातांनी. २० मिनिटं. मग टेबलावर लायनर.’ गाडी दहा बावन्नला फाटकाशी आली आणि तिथेच उभी राहिली. मी धावत गेलो, काच खाली झाली. “आठ मिनिटं आहेत,” साहेब म्हणाले. आत स्वागताला उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. बरोबर अकराला दार उघडलं.

लातूरचा प्रसंग मी अनेकांना सांगतो. होर्डिंगच्या प्रुफावर आमची ओळ होती, ‘रॅलीत तावून-सुलाखून निघालेलं लायनर’. माझीच ओळ, मला फार आवडलेली. छपाई दोन दिवसांवर होती. प्रश्नोत्तरांत औशाकडचा एक मिस्त्री उठला, डोक्यावर गमछा, हातात आमचाच डबा. “साहेब, खरं सांगा. तुमच्या गाडीला हेच लायनर हाय का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “नाही. माझ्या गाडीला ड्रमच नाहीत. चारही डिस्क आहेत.”

सभागृह हसलं. लायनर लागतं ते ड्रमलाच. दादांनी कपाळाला हात लावला. माझ्या पोटात गोळा आला. पण ते थांबले नाहीत. टेबलावरचं लायनर उचललं, अंगठा फिरवला आणि विचारलं, “हे काचेसारखं चकाकायला लागतं, असं किती जणांनी बघितलंय?” निम्मे हात वर. मग वीसऐवजी पन्नास मिनिटं ते बोलले. कपाशीच्या गाठी भरलेली पिकअप कन्नडच्या घाटात उतरते तेव्हा ड्रममध्ये काय होतं. डिस्क उघडी असते म्हणून लवकर थंड होते, ड्रमची उष्णता आत कोंडते. रेसचं पॅड थंड असताना नीट पकडत नाही, म्हणून ते पिकअपला घातलं तर सकाळी पहिल्याच चौकात धडक व्हायची. घाटात ब्रेकवर पाय ठेवून बसण्यापेक्षा खालचा गिअर का टाकायचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि तापल्यावर पेडल का बसतं. “गिऱ्हाईक ब्रेक ऑइल बदलायला नाही म्हणतं,” कुणीतरी म्हणालं. “मग बिलावर तसं लिहून त्याची सही घ्या,” साहेब म्हणाले. वह्या निघाल्या. मिस्त्री मेळाव्यात वह्या निघालेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या.

परतताना गाडीत मी होर्डिंगची छपाई थांबवली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की जाहिरातीत शिफारस करणाऱ्याचं मत खरं आणि माहितीवर किंवा अनुभवावर बेतलेलं हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. माझी ओळ सरळसरळ खोटी होती. ती साहेबांच्या मॅनेजरने मंजूर केली होती, दादांनी केली होती, मी लिहिली होती. ‘अवघड’ माणसाने ती चारशे जणांसमोर एका वाक्यात मोडली. नवीन होर्डिंगवर फक्त घाट, भरलेली पिकअप आणि ‘खालचा गिअर टाका. बाकी आमच्यावर सोडा.’

निष्पत्ती

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. नांदेडचा मेळावा साहेबांनी आदल्या संध्याकाळी रद्द केला, कारण टीव्हीचं शूटिंग. पुरवणी करारानुसार कपात झाली, पण नांदेडच्या वितरकाने भरलेले हॉलचे पैसे बुडाले ते बुडालेच, आणि तो आजही मला टोमणे मारतो. परभणी चांगलं झालं. जालन्याला साहेब पुन्हा गेले नाहीत. मी दोनदा सुचवलं, त्यांनी दोनदा विषय बदलला. काकांना फोन केला, असं को-ड्रायव्हर सांगते. काका त्याबद्दल काही बोलत नाहीत.

विक्रीचं म्हणाल तर दिवाळीच्या तिमाहीत कूपन स्कॅन करणाऱ्या मिस्त्र्यांची संख्या वाढली. दादा ते श्रेय साहेबांना देतात. मी नाही देत. कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला आणि ऊसतोडीसाठी गाड्या बाहेर पडायची वेळ आली की दर वर्षीच गॅरेजं भरतात. ज्या तालुक्यांत मेळावा झालाच नाही तिथले आकडे बाजूला काढून तुलना करायला हवी होती. ते आधी ठरवलं नव्हतं, म्हणून आता कुणाचंच म्हणणं सिद्ध होत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सहीच्या आधी ड्रायव्हरशी, मॅनेजरशिवाय, एक तास. त्यात एकच प्रश्न पुरला असता: तुमच्या अंगावर, टोपीवर, गाडीवर, फोनवर आणखी कुणाचा हक्क आहे? फेट्याचा सगळा प्रकार तिथेच टळला असता.

साठ टक्के आगाऊ देणं ही चूकच. पण ती टाळता आली असती का, याची मला खात्री नाही. त्या पातळीचे ड्रायव्हर याहून कमीवर सही करत नाहीत, कारण रॅलीचा खर्च हंगामाच्या सुरुवातीलाच होतो. मात्र उरलेले चाळीस टक्के मेळाव्यांवर तुकड्या-तुकड्याने बांधता आले असते, म्हणजे रील येईपर्यंत वाट बघावी लागली नसती.

त्या दोन ओळींबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. त्यांनी पत्रकाराचं तोंड बंद झालं, पण साहेबांचे दुसरे प्रायोजक जागे झाले आणि नाशिकच्या टेबलावर मला त्याची किंमत मोजावी लागली. आधी त्यांना फोनवर गाठून मग ओळी टाकायला हव्या होत्या. बारा तास उशीर चालला असता.

आणि लायनर. ड्रायव्हरच्या गाडीत आपला माल बसतच नाही, हे मला सहीच्या दिवशी माहीत नव्हतं. सात वर्षं ब्रेकच्या कंपनीचं काम करून. कुणी विचारलं तर मी हेच आधी सांगतो, बाकीचं नंतर.

पुढच्या वर्षी करार नूतनीकरण झाला नाही. त्याच पैशातला एक तुकडा को-ड्रायव्हरला गेला. ती आता वर्षाला आठ तालुक्यांत मिस्त्र्यांसाठी ब्रेकचं सत्र घेते, घाटाचा नकाशा भिंतीवर लावून. साहेबांनी कपात धरून शेवटचा हप्ता न कुरकुरता स्वीकारला. त्यांच्या मॅनेजरचे फोन मात्र अजून येतात, टीडीएसच्या फॉर्म १६-ए साठी. तो आम्ही दोनदा मेल केलेला आहे.